सोरायसिस सांभाळायचा कसा: मेडिकलच्या काउंटरवरून आणि स्वतःच्या कातडीवरून

निफाडात माझं मेडिकलचं दुकान आहे. थंडीत पारा पाच-सहाच्या खाली घसरला की पेपरात आमच्या गावाचं नाव झळकतं आणि त्याच आठवड्यात दुकानात पेट्रोलियम जेलीचा खप वाढतो. बरेचजण फुटलेल्या टाचांसाठी नेतात. काहीजण मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतात, गर्दी पांगेपर्यंत बाजूला थांबतात आणि मग हळूच बाही वर करून कोपर दाखवतात. मला ते कोपर लगेच ओळखू येतं, कारण माझंही तसंच आहे. सोरायसिस माझ्याकडे मुक्कामाला येऊन अठरा वर्षं झाली.

एवढ्या वर्षांत काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघून माझं एक मत झालंय. सोरायसिसचं औषध क्वचित चुकतं. चुकतं ते वापरणं. हरभऱ्याएवढं मलम हातभर चट्ट्याला लावायचं, दहा दिवसांत उतार पडला की सोडायचं, महिन्याने उलटलं की डॉक्टर बदलायचा, मग पॅथी बदलायची, शेवटी कुणाच्या तरी मेव्हण्याला गुण आला म्हणून पुड्या मागवायच्या. हे सगळं मी केलेलं आहे. म्हणून इथे औषधांच्या यादीपेक्षा ती वापरायची कशी, यावर जास्त लिहितोय. गोळी कुठली आणि किती, हे ठरवणं त्वचारोगतज्ज्ञांचं काम. मी डी. फार्म. झालेला दुकानदार आणि एक पेशंट आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी नाव पक्कं करा

दुकानात येणारा माणूस सहसा निदान घरूनच करून येतो. "नायटा झालाय, काहीतरी द्या." नायटा म्हणजे गजकर्ण, तो बुरशीमुळे होतो. त्याची कड उठलेली असते, मधला भाग निवळत जातो आणि तो जांघेत, कमरेला, काखेत जास्त दिसतो. सोरायसिसचा चट्टा कडेपासून मध्यापर्यंत सारखाच जाड असतो आणि वर अभ्रकासारखे चंदेरी खवले असतात. कोपरं, गुडघे, टाळू, कानामागे, बेंबी, माकडहाडाच्या वरचा भाग या त्याच्या आवडत्या जागा. आणि तो बऱ्याचदा जोडीने येतो: डाव्या कोपराला आहे तर उजव्यालाही. इसब बहुतेक वेळा ओलसर असतं, पाणी सुटतं, कोपराच्या आतल्या घडीत किंवा घोट्याजवळ होतं.

चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवून स्पर्शच कळत नसेल, तर मात्र वेगळी शंका घ्यायची. बधिर चट्टा सरकारी दवाखान्यात लगेच दाखवा. कुष्ठरोगाचा औषधोपचार तिथे मोफत आहे आणि तो पूर्ण बरा होतो. सोरायसिसच्या चट्ट्याला स्पर्श नीट कळतो, जरा जास्तच कळतो.

निदान बहुतेकदा डॉक्टर नुसतं बघूनच करतात. शंका असली तर खवला खरवडून बुरशीसाठी काचेवर तपासतात, क्वचित तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. त्याला घाबरू नका, एक टाका पडतो.

इथे एक कबुली. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तीन-चार औषधांचं मिश्रण असलेल्या ट्यूब आपल्याकडे वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या. मीही विकल्यात. या मलमाने नायट्याची खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. सोरायसिस असला तर तो दबून असा विचित्र दिसायला लागतो की डॉक्टरही गोंधळतात. डॉक्टरांकडे जाण्याआधी ती ट्यूब लावू नका. लावली असेल तर लपवू नका.

आत काय चाललंय, थोडक्यात

निरोगी त्वचेची पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसमध्ये हा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. वीट भाजून निघायच्या आत भिंत रचायला घेतल्यासारखं होतं: कच्च्या पेशींचे थर साचतात, तेच खवले. घाई करायला लावते ती आपलीच रोगप्रतिकारशक्ती. काही पांढऱ्या पेशी उगाचच युद्ध पुकारतात आणि टीएनएफ, आयएल-१७, आयएल-२३ अशी रसायनं सोडतात. ही तीन नावं लक्षात ठेवा, इंजेक्शनांच्या वेळी परत येतील.

जंतू नाही, त्यामुळे लागण नाही. ताटातून, टॉवेलमधून, पोहण्याच्या तलावातून, नवरा-बायकोच्या संबंधातून हा पसरत नाही. कल घराण्यातून येऊ शकतो, पण आई-वडिलांपैकी एकाला असला तर बहुतेक मुलांना होत नाही. युरोपातही शतकानुशतकं याला कुष्ठरोगाच्याच गोतावळ्यात धरत. १८४१ मध्ये व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनंड फॉन हेब्रा यांनी दोन्ही आजार स्पष्टपणे वेगळे केले. आपल्या आळीत ती बातमी अजून पोहोचायची आहे.

तळहाताने मोजा

किती आहे, हे "खूप आहे", "थोडं आहे" असं सांगू नका. स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. सगळे चट्टे मिळून किती तळहात भरतात ते मोजा. तीनपेक्षा कमी म्हणजे सौम्य, तीन ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. पण हा हिशोब जागेमुळे बिघडतो. तळवे, चेहरा, टाळू, नखं किंवा गुप्तांगावर एकच तळहात असला तरी तो आजार मोठाच धरतात. ज्याला हातात कात्री धरून द्राक्षाची छाटणी करायची आहे, त्याला तळहातावरच्या भेगा दोन टक्के म्हणून कशा सांगणार?

गुप्तांगावर आहे हे लोक सांगतच नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी ट्यूबचं नाव घेऊन जांघेत तीच जहाल ट्यूब लावत बसतात. डॉक्टरांना सांगा. त्यांनी रोज बघितलेलं असतं.

मोजलेलं एका वहीत तारखेसह लिहा, आणि मोबाइलवर दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढा. सावळ्या कातडीवर चट्टा लाल कमी, जांभळट किंवा तपकिरी जास्त दिसतो. आणि तो बरा झाल्यावर मागे काळा किंवा फिकट डाग महिनोन्‌महिने राहतो. या डागाला सोरायसिस समजून माणसं स्टिरॉइड लावत राहतात, फिकट असला तर कोड आलं म्हणून रडतात. खवले गेले आणि बोट फिरवल्यावर उंचवटा लागत नाही, म्हणजे औषधाचं काम झालं. रंग आपला आपण भरतो, वेळ घेऊन.

तो कशाने उफाळतो, ते वहीत शोधा

प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून दुसऱ्याची यादी उपयोगाची नाही. पण शोधायचं कुठे ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे कातडीला झालेली इजा. सोरायसिसच्या माणसाला जिथे खरचटतं, भाजतं, घासतं, तिथे दहा-पंधरा दिवसांनी नवा चट्टा उगवू शकतो. माझ्या आईलाही हा आजार होता. तिच्या कमरेला एक चट्टा होता, परकराच्या नाडीच्या रेषेत आखल्यासारखा, गाठ यायची तिथे रुंद. वर्षानुवर्षं ती मलम लावायची आणि नाडी तिथेच करकचून बांधायची. रुंद इलॅस्टिकचा परकर शिवल्यावर ती रेष हळूहळू विरली. घड्याळाचा पट्टा, बांगड्या, घट्ट मोजे, ओढून बांधलेली वेणी, वॅक्सिंग, गोंदण, सगळं याच हिशोबात बघा. आणि खवले नखाने उचकटू नका. अंघोळीला वज्री घेऊन कोपरं घासणारे तर कितीतरी आहेत. त्यांना वाटतं मळ निघतोय, निघतो तो पुढच्या चट्ट्याचा मुहूर्त.

दुसरी जागा घसा. पोरासोरांच्या घशाला सूज येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाथेंबासारखे ठिपके उठतात. हा सोरायसिसचाच प्रकार, आणि तो बऱ्याचदा काही महिन्यांत ओसरतो.

तिसरी जागा म्हणजे तुमच्या इतर गोळ्या. मनाच्या आजारावरचं लिथियम, मलेरियासाठी आणि संधिवातासाठी दिलं जाणारं क्लोरोक्विन-हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आणि रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या काहींना त्रास देतात. मनाने बंद करायच्या नाहीत. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारून पर्याय घ्यायचा.

बाकी थंडी, कोरडी हवा, दारू, तंबाखू-सिगारेट आणि ताण. ताणाचं काय करायचं ते मलाही जमलेलं नाही. बागेचे पैसे अडकले की उफाळतो, एवढं वहीत दिसतं.

अंघोळ आणि तेल

कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, आणि अंग टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. कढत पाण्याची सवय आमच्या गारठ्यात सुटत नाही, हे मान्य, पण खाज त्यानेच वाढते. साबण सौम्य, डेटॉलचं पाणी नको. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिनचं क्रीम किंवा साधं खोबरेल चोपडायचं. महागडं बॉडी लोशन लागत नाही. सुगंधाने उलट चुरचुरतं. चट्टे असोत-नसोत, हे रोज. नुसत्या तेलपाण्यावर सौम्य सोरायसिसची निम्मी कटकट कमी झालेली मी बघितलीय, आणि वरून लावलेलं औषधही मऊ कातडीतच मुरतं. चिकट मलम लावून शेकोटी किंवा गॅसपाशी बसू नका. कपड्यात मुरलेली जेली लवकर पेट घेते.

मलम: किती, कुठे, किती दिवस

इथेच खरी गोम आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

माप असं. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढा. ती झाली सुमारे अर्धा ग्रॅम. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. आता हिशोब करा: चट्टे चार तळहात असतील तर एका वेळेला दोन पेरं, म्हणजे एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं असेल तर १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपली पाहिजे. माझ्याकडे तेवढ्याच चट्ट्यांची माणसं एक ट्यूब दोन महिने पुरवतात आणि म्हणतात, "गुण येत नाही." उलट टोकाचेही आहेत, चेहऱ्याला पावडरसारखं रोज चोपडणारे.

स्टिरॉइडच्या मलमांच्या पायऱ्या असतात. क्लोबेटासॉल सगळ्यात जहाल: ते कोपर, गुडघे, तळवे, जाड चट्टे यांच्यासाठी, सलग दोन, फार तर डॉक्टर म्हणतील तर चार आठवडे, आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर कधीच नाही. मोमेटासोन, बीटामेथासोन मधल्या पायरीवर. चेहरा, काख, जांघ, स्तनांखाली आणि लहान मुलांना हलकं, तेही थोडे दिवस. या जागांवर पुष्कळदा स्टिरॉइडऐवजी टॅक्रोलिमस देतात. जहाल मलम महिनोन्‌महिने लावलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, शिरा दिसतात, जांघेत कातडी ताणल्यासारखे पांढरे चरे पडतात. हे चरे परत जात नाहीत.

दुसरं महत्त्वाचं मलम कॅल्सिपोट्रिऑल, ड जीवनसत्त्वाच्या कुळातलं. हळू चालतं, पण कातडी पातळ करत नाही. सुरुवातीला थोडं चुरचुरतं. मोठ्या माणसाला आठवड्याला १०० ग्रॅमपर्यंतच. सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या मलमासोबत ते एकाच वेळी लावलं तर निकामी होतं, ही गोष्ट बऱ्याच पेशंटना कुणी सांगतच नाही. कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन एकत्र असलेलं मलम दिवसातून एकदाच लावायचं असतं, त्यामुळे कामाच्या माणसाला सोयीचं.

आता थांबायचं कसं. चट्टा सपाट झाला की त्या दिवशी ट्यूब फेकायची नाही. दोनदाचं एकदा, मग एक दिवसाआड, मग काहीजणांना डॉक्टर शनिवार-रविवारच लावायला सांगतात आणि मधल्या दिवसांत कॅल्सिपोट्रिऑल किंवा नुसतं तेल. ही उतरण ज्याने नीट केली त्याचा सोरायसिस लवकर उलटत नाही. मी पहिली सात-आठ वर्षं ती केलीच नाही.

खवले फारच जाड असतील तर आधी ते सैल करायचे: तीन ते सहा टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा कोलटार. कोलटारला डांबराचा वास येतो, उशीचा अभ्रा पिवळा पडतो, घरचे कुरकुर करतात. तरी जुनं आणि स्वस्त औषध आहे, काम करतं.

टाळूचं तंत्र वेगळं. रात्री कोमट खोबरेल खवल्यांवर मुरवा, टोपी किंवा जुना पंचा बांधून झोपा. सकाळी कोलटारचा किंवा सॅलिसिलिकचा शांपू लावून पाच मिनिटं ठेवा, मग धुवा. सुटलेले खवले बोटांच्या पेरांनीच, नखांनी नाही. केस वाळल्यावर औषधी लोशन लावायचं ते भांग पाडून: एक भांग, दोन थेंब, बोटाने पसरवा, मग अर्ध्या इंचावर दुसरा भांग. कुणाकडून तरी करून घ्या, स्वतःला मागचं दिसत नाही. माझी बायको टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत अख्खं डोकं पुरं करते. केसांवर ओतलेलं लोशन फक्त केसांनाच लागतं, हे सांगूनही अर्धी माणसं तसंच करतात.

प्रकाशाचा उपचार

मलमं पुरेनाशी झाली की प्रकाशोपचार येतो. ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचं यंत्र असतं, कपाटासारखं. आठवड्यातून दोन-तीनदा काही सेकंदांपासून सुरू करून वेळ वाढवतात. साधारण २० ते ३० बैठका लागतात. डोळ्यांना गॉगल, गुप्तांग झाकलेलं. गरोदर बाईलाही चालतो, हा मोठा फायदा. अडचण येण्याजाण्याची: आठवड्यातून तीन दिवस नाशिकला जायचं तर रोजंदारी बुडते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे चौकशी करा. खर्चात फार फरक पडतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं बसणं काहींना मानवतं, पण पोळेपर्यंत बसलात तर भाजल्याजागी नवे चट्टे येतात.

गोळ्या

सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी मेथोट्रेक्सेट. जुनी, स्वस्त, सांध्यांनाही उपयोगी. हिच्याबद्दल एक गोष्ट दुकानाच्या भिंतीवर रंगवून घ्यावी असं वाटतं: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. आपल्याकडे ती २.५ पासून १५ मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या ताकदीत येते, म्हणजे "तीन गोळ्या" हे वाक्य पाकीट बदललं की धोक्याचं होतं. मी पाकिटावर मार्करने वार लिहून देतो: "फक्त रविवार". सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची पिवळी गोळी वेगळ्या वारी असेल तर तिच्यावर तो वार. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर हे दोन वार सुनेला किंवा लेकालाही तोंडपाठ करायला लावतो.

सुरू करण्याआधी रक्तातल्या पेशी, यकृत, किडनी, कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या होतात, छातीचा एक्सरेही. पुढे ठरावीक काळाने परत. त्या चुकवू नका. दारू बंद म्हणजे बंद. "बिअर चालते का" याचं उत्तर नाही असंच आहे. तोंडात फोड, ताप, घसा, कोरडा खोकला, धाप, अंगावर काळेनिळे डाग यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कोट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक हिच्यासोबत घातक ठरतं, म्हणून तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर बायकांनी ती काही महिने आधी बंद करावी लागते. पुरुषांनीही विचारून घ्यावं. गुण यायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडणारे खूप.

बाकीच्या झटपट सांगतो. सायक्लोस्पोरिन लवकर चालतं, पण रक्तदाब आणि किडनीवर डोळा ठेवावा लागतो, त्यामुळे ते थोड्या काळापुरतं. अ‍ॅसिट्रेटिनने ओठ फुटतात. ते बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहता कामा नये, म्हणून तरुण बायकांना शक्यतो देत नाहीत. अ‍ॅप्रेमिलास्ट त्या मानाने सोपं, हळूहळू डोस वाढवत ३० मिलिग्रॅम दोनदा. पहिले काही दिवस जुलाब, मळमळ. मन खूप उदास व्हायला लागलं तर ते डॉक्टरांना सांगायचं.

आणि पोटातून किंवा सुईने स्टिरॉइड: सोरायसिससाठी टाळायचंच. माझ्या सोरायसिसच्या तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी मला तशी दोन इंजेक्शनं दिली, चुलत बहिणीच्या लग्नाआधी. लग्नात मी हाफ शर्ट घातला. दीड महिन्याने असा उफाळला की पाठीवर झोपता येईना. तोंडी किंवा सुईचं स्टिरॉइड एकदम थांबवलं की सोरायसिस पूंचे फोड घेऊन किंवा अख्खं अंग लाल करून परत येऊ शकतो. लेबल नसलेल्या पुड्या आणि काळ्या गोळ्यांनी "आठ दिवसांत" गुण आला तर तिथेही हाच संशय घ्या. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर पदवीधर वैद्यांकडे घ्या, औषधाचं नाव छापलेलं असू द्या आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्हीकडचं सांगा.

इंजेक्शनं

बायोलॉजिक म्हणतात त्या सुया वर सांगितलेल्या रसायनांपैकी एकेकाला नेमकं अडवतात: अ‍ॅडालिमुमॅब टीएनएफला, सेक्युकिनुमॅब आणि इक्सेकिझुमॅब आयएल-१७ ला. बंगळूरच्या बायोकॉनने इटोलिझुमॅब हे औषध २०१३ मध्ये भारतात आणलं, आणि २०१४ पासून अ‍ॅडालिमुमॅबची भारतीय कंपन्यांची स्वस्त आवृत्तीही मिळते. स्वस्त म्हणजे मूळ किमतीच्या मानाने, खिशाला जडच. पण अंगभर चट्टे आणि वाकडे सांधे असलेल्या माणसाला यांनी परत कामावर उभं केलेलं मी पाहिलंय.

आपल्या देशात यांच्याआधीची मुख्य तपासणी टीबीची. छातीचा एक्सरे आणि मांटू किंवा रक्ताची चाचणी. लपलेला टीबी सापडला तर आधी त्याचं औषध काही काळ घ्यावं लागतं. कावीळ ब, क आणि एचआयव्हीही बघतात. लसी राहिल्या असतील तर आधीच विचारा, कारण जिवंत लसी नंतर देता येत नाहीत.

नखं, सांधे, हृदय

नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे, तेलाच्या थेंबासारखे पिवळट डाग, नख सुटून वर येणं: हेही सोरायसिसच. बुरशी समजून वर्षभर तिच्या गोळ्या खाणारे मला माहीत आहेत.

सांध्यांचा मामला गंभीर. सोरायसिसच्या दर दहा जणांत तिघांपर्यंत लोकांना सांध्यांचा सोरायसिस होतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडलेली, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत फुगलेलं, टाच दुखणं, कंबर बसून राहिल्यावर जास्त आणि चालल्यावर कमी दुखणं, यातलं काही असेल तर "थंडीमुळे" म्हणून घालवू नका. झिजलेला सांधा मलमाने परत येत नाही. संधिवाततज्ज्ञ वेळेत भेटले तर तो वाचतो.

वर्षातून एकदा साखर, रक्तदाब, चरबी आणि पोटाचा घेर मोजा. दीर्घ काळ आत धुमसणारी सूज हृदयालाही सोडत नाही.

पथ्य

आमच्याकडे पहिलं वांगं बंद होतं, मग दही, मग आंबट, मग मासे, शेवटी माणूस वरणभातावर येतो आणि चट्टे तिथेच. एखाद्या पदार्थाने उफाळतो असं वहीत तीनदा दिसलं तर तो सोडा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून नको. गहू सोडण्याचा उपयोग ग्लुटेन खरंच न पचणाऱ्यांनाच. ठाम सांगता येईल असं दोनच: वजन जास्त असेल तर उतरवा, त्याने औषधंही चांगली लागू पडतात, आणि दारू-तंबाखू सोडा. बांगडा-तारली खुशाल खा.

तेव्हा थांबायचं नाही

अंगाचा बहुतेक भाग लालभडक होऊन सालं निघायला लागली, थंडी वाजून ताप आला, पायांवर सूज आली, किंवा लाल कातडीवर बारीक पूंचे फोड पसरले, तर ती तातडीची गोष्ट आहे. मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी. कातडीच निकामी झाली की शरीर पाणी आणि उष्णता धरू शकत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञांची पदवी पाटीवर वाचा: एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्ही. वही, फोटो आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या. कपडे असे घाला की चट्टे पटकन दाखवता येतील, आणि नखांची पॉलिश काढून जा. आणि घरातल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. पुड्याही. मागच्या डिसेंबरात माझ्या एका गिऱ्हाइकाला मी तशी पिशवी भरायला लावली. नऊ ट्यूब निघाल्या. काउंटरवर ओळीने मांडून मी मागची बारीक अक्षरं वाचत गेलो: पाच ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल, पाच वेगवेगळ्या कंपन्यांचं. तो म्हणाला, "म्हणजे मी चार वेळा औषध बदललं ते?" मी म्हटलं, "फक्त डबी बदलली, भाऊ."